४० जीबी मोकळी, तरी फाइल जाईना

प्रश्न : माझ्या लग्नाचं शूटिंग स्टुडिओवाल्याने पेनड्राइव्हमध्ये दिलं. आईला ते तिच्या मोबाइलवर हवं आहे. लग्नाची फाइल सव्वा तासाची, ६.८ जीबीची आहे. आईच्या मोबाइलचं मेमरी कार्ड रीडरमध्ये घालून कॉम्प्युटरला लावलं, त्यात ४० जीबी जागा मोकळी दिसते, तरी फाइल खूप मोठी आहे असा संदेश येतो. हळदीची फाइल लहान होती, ती गेली. पण मोबाइलवर नुसता आवाज येतो, पडदा काळाच. केबलने पाठवावं म्हटलं तर मोबाइल फक्त चार्ज होतो. आई-बाबांच्या लग्नाची, कॅसेटवरून करून घेतलेली डीव्हीडीही आहे. तीही आईला मोबाइलवर पाहायची आहे. दुकानदार म्हणतो नवा मोबाइल घ्या, भाऊ म्हणतो कार्ड फॉरमॅट मार. काय करू? आणि सगळं नीट झालं तर पेनड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला वापरला तर चालेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नवा मोबाइल घेऊ नका, आणि कार्ड तर लगेच मुळीच फॉरमॅट करू नका. तुमच्या पत्रात एक नव्हे, चार वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांतल्या एकीसाठीही नवा मोबाइल लागत नाही.

व्हिडिओ मोबाइलमध्ये जात नाही अशी तक्रार आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा : अडतं नेमकं कुठे? कॉम्प्युटरला मोबाइल दिसतच नाही, की दिसतो पण तो फाइल घेत नाही, की फाइल घेतो पण चालवत नाही? तिन्हींची कारणं एकमेकांशी संबंध नसलेली असतात. ती वेगळी न करता लोक सगळ्यांवर एकच उपाय करतात, फॉरमॅट. त्यात कार्डातले वर्षानुवर्षांचे फोटो जातात आणि व्हिडिओ होता तिथेच राहतो. तुमच्याकडे तर तिन्ही प्रकार एकदम हजर आहेत, म्हणून एकेक घेऊ.

आधी ६.८ जीबीची फाइल. इथे मोबाइलचा काही दोष नाही आणि जागाही पुरेशी आहे. अडथळा आहे तो कार्डावर फाइलींची नोंद ठेवण्याच्या पद्धतीचा. कार्ड असो वा पेनड्राइव्ह, त्यात कोणती फाइल कुठे ठेवली आहे आणि ती केवढी आहे याची नोंद ठेवणारी एक व्यवस्था असते. तुमच्या कार्डावर ती फॅट३२ नावाची आहे, असं त्या संदेशावरून जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. ही व्यवस्था १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांची जागा ठेवली आहे. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ हा आहे. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. त्याहून मोठ्या फाइलचा आकार तिथे लिहिताच येत नाही, मग कार्डात ४० जीबी मोकळी असो की ४००. त्या काळी घरगुती कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्कच एक-दोन जीबीची असे, तेव्हा एकच फाइल ४ जीबीच्या पुढे जाईल याची चिंता करण्याचं कारण नव्हतं. आज लग्नाचं शूटिंग करणारा कोणताही कॅमेरा ती मर्यादा सहज ओलांडतो.

खात्री करून घ्या. कॉम्प्युटरवर कार्डाच्या चिन्हावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा. फाइल सिस्टीम असं लिहिलेल्या ओळीत फॅट३२ दिसलं तर निदान पक्कं. तसंच पेनड्राइव्हचंही बघा. त्यात ६.८ जीबीची फाइल आहे, म्हणजे तो फॅट३२ असूच शकत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल. ही माहिती पुढे उपयोगी पडते : एनटीएफएस ही विंडोजची स्वतःची व्यवस्था असून अनेक अँड्रॉइड मोबाइल ती वाचत नाहीत. पेनड्राइव्ह ओटीजी जोडणीने थेट मोबाइलला लावल्यावर तो रिकामा किंवा खराब असल्याचं मोबाइल सांगू लागला तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. तेव्हा पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा का, असं मोबाइल विचारेल. नाही म्हणा.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे कार्डाचा नाद सोडून फाइल मोबाइलच्या आतल्या मेमरीत टाकणं. तिथली व्यवस्था निराळी असते, ४ जीबीची अडचण तिथे येत नाही. आत सात जीबी मोकळी नसेल तर मग कार्डच एक्सफॅट करायचं. मायक्रोसॉफ्टने २००६ साली आणलेली ही व्यवस्था कार्ड-पेनड्राइव्हसाठीच बनवली आहे, आणि ३२ जीबीपेक्षा मोठ्या एसडी कार्डांसाठी २००९पासून तीच ठरलेली आहे. तुमचं कार्ड मोठं असूनही फॅट३२ आहे, याचा अर्थ आधीच्या एखाद्या जुन्या मोबाइलने किंवा कोणीतरी कॉम्प्युटरवर ते तसं करून ठेवलं असावं.

भावाचं म्हणणं इथे खरं ठरतं, फक्त क्रम पाळा. कार्डातली प्रत्येक गोष्ट आधी कॉम्प्युटरवर उतरवा, दोन-चार फोटो उघडून खरंच उतरले आहेत का ते पाहा, आणि मगच फॉरमॅट करा. शक्यतो आईच्या मोबाइलमध्येच करा. म्हणजे तो मोबाइल जी व्यवस्था वाचू शकतो तीच तो ठेवेल. त्या वेळी कार्ड मोबाइलची आतली मेमरी म्हणून वापरायचं की नुसती साठवण म्हणून, असा प्रश्न काही मोबाइल विचारतात. दुसरा पर्याय निवडा. पहिला निवडला तर कार्ड त्या मोबाइलपुरतं कुलूपबंद होतं आणि उद्या मोबाइल बिघडल्यास दुसरीकडे कुठेही उघडत नाही.

पण मला विचाराल तर ६.८ जीबीची ती फाइल जशीच्या तशी आईच्या मोबाइलवर नेण्यात फारसा अर्थ नाही. सव्वा तासाला ६.८ जीबी म्हणजे दर सेकंदाला साधारण १२ मेगाबिट. मोठ्या टीव्हीवर ते शोभेल. हातातल्या सहा-साडेसहा इंची पडद्यावर ४ मेगाबिटांतही चित्र छान दिसतं, आणि तीच फाइल सव्वादोन जीबीच्या आसपास येते. मग फॅट३२ कार्डही चालतं आणि फॉरमॅटचा प्रश्नच मिटतो. हे कसं करायचं ते पुढे येतंच आहे, कारण हळदीच्या फाइललाही तोच उपाय लागणार आहे.

हळदीची फाइल पोचली पण चित्र दिसत नाही, ही अडचण लोकांना सगळ्यात जास्त चकवते, कारण फाइलच्या नावाशेवटी एमपी४ लिहिलेलं असतं आणि एमपी४ तर मोबाइलवर चालतं असं सगळ्यांना माहीत असतं. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय हे नुसते डबे आहेत. आत भाजी कोणती, ते झाकणावरून कळत नाही. डब्यात चित्र वेगळं भरलेलं असतं, आवाज वेगळा, आणि दोन्ही कोणत्या ना कोणत्या पद्धतीने दाबून लहान केलेले असतात. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. मोबाइलला ती पद्धत उलगडता आली पाहिजे. चित्राची उलगडता आली नाही तर पडदा काळा आणि आवाज चालू. आवाजाची आली नाही तर मूकपट. डीव्हीडीवरून काढलेल्या फाइलींत हा दुसरा प्रकार बराच दिसतो, कारण त्यांतला आवाज अनेकदा डॉल्बीच्या पद्धतीचा असतो आणि तो उलगडण्याची सोय बऱ्याच मोबाइलमध्ये नसते.

चित्रासाठी दोन पद्धती जास्त चालतात. एच.२६४ ही २००३ची. ती आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक मोबाइलला येते. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, ही २०१३ची. ती तेवढंच चित्र बऱ्याच कमी जागेत बसवते, पण उलगडायला जड असते. स्वस्त किंवा जुन्या मोबाइलची चिप तिथे हात टेकते. त्यात हल्लीचे लग्नाचे कॅमेरे रंग अधिक बारकाईने, १० बिटांत टिपतात. स्टुडिओवाल्याने संकलन न करता कॅमेऱ्यातली फाइल तशीच दिली असेल तर बऱ्यापैकी मोबाइललाही ती झेपत नाही. हळदीचं शूटिंग एखाद्या पाहुण्याच्या आयफोनवरचं असेल तरी कारण हेच निघेल : २०१७पासून आयफोन एचईव्हीसीमध्ये चित्रण करू शकतो आणि नव्या आयफोनमध्ये सेटिंग सहसा तसंच असतं. पुढच्या कार्याच्या वेळी त्या पाहुण्यांना कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली मोस्ट कम्पॅटिबल निवडायला सांगा.

नक्की काय आहे ते कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडून टूल्समधल्या कोडेक इन्फर्मेशनमध्ये दिसेल. मोबाइलवरही व्हीएलसी टाकून पाहा. तो मोकळा, विनाजाहिरात प्लेअर आहे. चिपला येत नसलेली पद्धत तो स्वतःच्या बळावर उलगडायचा प्रयत्न करतो. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं. चित्र अडखळत, थांबत थांबत आलं तर समजा की फाइल चांगली आहे, मोबाइलची ताकद कमी पडते आहे. नावातलं एमकेव्ही खोडून एमपी४ लिहिण्याचा सल्ला कोणी देईल. त्याने आत काहीच बदलत नाही.

खरा उपाय म्हणजे फाइल एच.२६४मध्ये नव्याने बनवणं. त्यासाठी कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्रॅम टाका. फाइल त्यात ओढा, वर प्रीसेटमध्ये फास्ट १०८०पी३० निवडा, साठवायची जागा द्या आणि सुरू करा. चित्र एच.२६४मध्ये आणि आवाज एएसीमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलला ओळखीच्या जोडीत येईल. जुन्या लॅपटॉपवर सव्वा तासाच्या फाइलला दीड-दोन तासही लागू शकतात, तेव्हा रात्री लावून ठेवा आणि लॅपटॉप झोपणार नाही एवढं सेटिंग करा. एकदा दाबलेल्या चित्रातून गेलेला बारकावा परत येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवायची आणि आईला ही नवी द्यायची.

आता केबल. चार्जिंग होतं पण कॉम्प्युटरला मोबाइल दिसत नाही, याला दोनच मुख्य कारणं असतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. पंखा, हेडफोन, पॉवर बँक यांच्याबरोबर आलेल्या कितीतरी केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून फरक दिसत नाही. मोबाइलबरोबर आलेली मूळ केबल किंवा ज्या केबलने पूर्वी फोटो उतरवले आहेत ती लावून पाहा. दुसरं कारण मोबाइलच्या सेटिंगमध्ये आहे : अँड्रॉइड मोबाइल केबल लावल्यावर सुरक्षेसाठी फक्त चार्जिंगवरच राहतो. पडद्याचं कुलूप उघडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा, यूएसबीच्या ओळीवर दोनदा बोट टेकवा आणि फाइल ट्रान्सफर निवडा. काही सेकंदांत कॉम्प्युटरवर मोबाइल दिसू लागेल.

तो दिसला तरी पेनड्राइव्हसारखा वागत नाही, हे लक्षात असू द्या. पूर्वीचे मोबाइल केबल लावली की स्वतःची मेमरी कॉम्प्युटरच्या ताब्यात देत. २०११च्या सुमारास अँड्रॉइडने ती रीत सोडून एमटीपी ही पद्धत घेतली. तिच्यात कॉम्प्युटर मागणी करतो आणि मोबाइल स्वतः फाइल लिहून घेतो, एका वेळी एक. म्हणून एक फाइल जात असताना दुसरी ओढू नका, मध्येच रद्द करू नका, आणि लांब फाइल जाताना केबलला हात लावू नका. अर्धवट तुटलेली फाइल तशीच मागे राहते, नाव पूर्ण आणि आत अर्धीच. ती पुसून पुन्हा पाठवावी लागते. तुमचं उपकरण ही फाइल चालवू शकणार नाही, तरी पाठवायची का, असं विंडोज कधी कधी विचारतं. ती नुसती शंका आहे, हो म्हणा. मॅकबुक वापरत असाल तर एमटीपी त्यात मुळातच नाही, वेगळा प्रोग्रॅम लागतो. त्यापेक्षा वाय-फायने पाठवणं सोपं.

वाय-फायचा मार्ग मला एरवीही जास्त आवडतो, केबलींचा शोध वाचतो. विंडोजवर गुगलचं क्विक शेअर किंवा लोकलसेंड टाका, मोबाइल आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर ठेवा, आणि पाठवा. इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही, फाइल घरातल्या घरात जाते. शेअरइट आणि झेंडर ही एके काळची घराघरातली ॲप जून २०२०मध्ये केंद्र सरकारने बंद केलेल्या ५९ ॲपमध्ये होती. कुठून तरी आणून ती मोबाइलमध्ये घालण्याचा धोका पत्करू नका. ब्लूटूथ तर व्हिडिओसाठी विसराच, एका जीबीला तासाहून जास्त वेळ घेतं. व्हॉट्सॲपवरून पाठवायचं झालं तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते चित्र चेपून पाठवतं आणि चेहरेसुद्धा पुसट होतात. डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं.

आता एक कारण, जे इंग्रजी पुस्तिकांत सहसा सापडत नाही आणि आपल्याकडे मात्र हमखास लागतं : फाइलचं नाव. स्टुडिओवाले मोठ्या हौसेने अख्खी लग्नपत्रिका फाइलच्या नावात लिहितात. चि., चि. सौ. कां., दोन्ही घरची आडनावं, गाव, कार्यालय, तारीख, सगळं. विंडोज अशा नावात २५५ चिन्हं चालवून घेतं. अँड्रॉइडच्या आतल्या मेमरीत मात्र मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, सगळी वेगळी मोजली जातात. शुभविवाह एवढा एकच शब्द २४ बाइट खातो. म्हणजे ८५ चिन्हांच्या आसपास मराठी नावाची हद्द संपते, आणि कॉम्प्युटरवर सुखाने राहिलेली फाइल मोबाइलमध्ये जाताना अडते. इंग्रजी नावाच्या फाइली जातात, मराठी नावाची जात नाही, असं दिसलं तर मराठीवर राग काढू नका. नाव छोटं करा. लग्न २०२४ एवढं पुरतं, आणि ते मराठीतच असू द्या, आईला शोधायला सोपं.

फाइल गेली पण गॅलरीत दिसत नाही, असं झालं तर घाबरू नका. गॅलरी स्वतःच्या यादीवर चालते, ती यादी ताजी व्हायला वेळ लागतो. मोबाइल एकदा बंद करून चालू करा, किंवा फाइल्स ॲपमधून फोल्डर उघडून थेट चालवा.

राहिली आई-बाबांची डीव्हीडी, आणि हीच सगळ्यात तातडीची. डीव्हीडी उघडली की आत व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइली दिसतील, कोणतीही एक जीबीपेक्षा मोठी नाही. डीव्हीडीच्या नियमांतच तसे तुकडे ठरलेले आहेत. ते सुटे सुटे मोबाइलवर टाकले तर गॅलरी बहुधा ओळखत नाही, आणि ओळखलंच तरी मंगलाष्टकं एका तुकड्यात सुरू होऊन दुसऱ्यात संपतात. तसं न करता संपूर्ण फोल्डर आधी कॉम्प्युटरवर उतरवा आणि हँडब्रेकला तो अख्खा फोल्डर द्या. तो तुकडे जोडून एकच एमपी४ बनवतो. इथे एक गोष्ट विसरू नका. कॅसेटवरचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून बनलेलं असतं, सेकंदाला २५ पूर्ण, म्हणजे ५० अर्धी. ती न जुळवता मोबाइलवर पाहिली तर माणूस हलला की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू आहे ना, ते बघा. मूळ चित्रच ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आहे, तेव्हा ते १०८०पर्यंत ताणू नका, आहे त्या आकारातच ठेवा. तासाभराची डीव्हीडी एक जीबीच्या आत सहज बसेल.

तातडीची अशासाठी म्हटलं, की दुकानात लिहून दिलेली डीव्हीडी छापील सिनेमाच्या डीव्हीडीसारखी नसते. तिच्यात माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात जाळून लिहिलेली असते, आणि तो रंग उष्णतेने, उजेडाने, दमटपणाने विरत जातो. सोलापूरकडचा उन्हाळा तिला मानवणारा नाही. डिस्क वाचताना मध्येच अडली तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एकाने न वाचलेली डिस्क दुसरा बऱ्याचदा वाचतो. मूळ कॅसेट अजून घरात असेल तर टाकून देऊ नका. डीव्हीडीने दगा दिला तर तिच्यावरूनच पुन्हा उतरवता येईल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : पेनड्राइव्ह एवढ्यात पुसू नका. मूळ ६.८ जीबीची फाइल, हळदीची फाइल आणि डीव्हीडीचा अख्खा फोल्डर कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर आणि आणखी एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा. दोन्हीकडच्या प्रती सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटच्या मिनिटाला चालवून पाहा, कारण अर्धवट उतरलेली फाइल पहिली दहा मिनिटं बिनतक्रार चालते. आईच्या मोबाइलवरची प्रतही शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा. हे सगळं जमल्यावर पेनड्राइव्ह मोकळा करायला हरकत नाही.